धाप : दहापैकी तीन

३ जुलै

धाराशिवच्या शिवांजली मॅडमनी सांगितलं म्हणून लिहायला घेतलंय. व्यायाम कोणता केला, दम किती लागला आणि मनात काय आलं, एवढं लिहीत जा म्हणाल्या. पहिल्या दोन गोष्टी त्यांना मोबाइलवर कळवायच्या. तिसरी माझ्यापाशी ठेवायची.

मी गुरुसिद्धप्पा, मुरुमच्या मोंढ्यातला अडत्या. तूर, हरभरा, उडीद, सोयाबीन. दोन वर्षांपासून माझी फुप्फुसं कडक होत चाललीत. गोळ्यांनी आजाराचा वेग कमी होतो, तो मागं फिरत नाही. नाकात नळी असते, घरात ऑक्सिजनचं मशीन चालू असतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं आणि तिथं फुप्फुसं बदलण्याच्या यादीत माझं नाव लागलं. कुणाच्या तरी घरी वाईट घडेल, त्या घरचे लोक मोठ्या मनानं हो म्हणतील आणि ती फुप्फुसं माझ्या रक्ताशी, छातीच्या मापाशी जुळतील, तेव्हा फोन येईल.

तोवर बसून राहायचं नाही. डॉक्टर म्हणाले, "पायांत ताकद नसेल तर ऑपरेशन झालं तरी तुम्ही उठणार नाही. मग आम्हाला नाव काढावं लागेल." म्हणून व्यायाम. हैदराबाद रोजचं जमणारं नाही, तेव्हा त्यांनी धाराशिवच्या शिवांजली मॅडमशी गाठ घालून दिली. त्या मोबाइलवर शिकवतात आणि महिन्याचा रिपोर्ट हैदराबादला पाठवतात.

थोडक्यात, माल उभा आहे आणि घेणारा बघतोय.

५ जुलै

खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. पाण्याच्या बाटलीत वाळू भरून ती खांद्यापर्यंत उचलायची. टाचा वर करून उभं राहायचं. श्वास सोडताना गरम चहावर घालतो तशी हळू फुंकर घालायची. हे सगळं सत्यभामा दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "अवो, दुखणाईत माणसानं पडून ऱ्हायाचं असतंय. ही पोरगी तुमाला तालमीत धाडाय लागली का काय?"

आमच्या घरात आजारी माणसाला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. वर्षभर मला अंथरुणातच जेवण मिळालं. त्यानंच पाय काटक्या झाले, असं मॅडम म्हणाल्या. हे सत्यभामाला सांगितलं, तर ती दिवसभर बोलली नाही.

चालायला मोंढ्यातलं लिलावाचं शेड धरलंय. सध्या आवक नाही, त्यामुळं धूळ नाही. वर पत्रा, खाली सपाट फरशी. कुलदीपनं, म्हणजे माझ्या मुलानं, प्रवासाच्या जुन्या बॅगेची चाकं काढून छोट्या सिलिंडरला बसवून दिलीत. तो ओढत निघालो तर शेजारच्या अडतीवरून बलभीम ओरडला, "गुरुअण्णा, कुत्रं फिरवाय काढलं का?"

उत्तर तोंडावर आलं होतं. पण तेवढा श्वास नव्हता. हसलो आणि पुढं गेलो.

११ जुलै

रोज दोन गोष्टी कळवाव्या लागतात. बोटाला लावायच्या यंत्रावर चालताना ऑक्सिजनचा सगळ्यात कमी आकडा किती दिसला, ही एक. दम किती लागला हे दहापैकी सांगायचं, ही दुसरी. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आता जीव जातोय. आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली उतरला की थांबायचं आणि कळवायचं.

आज फोनवर म्हटलं, "तीन."

सत्यभामा आतून म्हणाली, "तीन? तुमची फुंकर मला चुलीपाशी ऐकू येतीया."

मी हात वर करून तिला गप्प केलं.

यंत्राचंही मी बसवलंय. चालून आल्यावर खुर्चीत टेकायचं, मशीनची कळ थोडी पुढं सरकवायची आणि आकडा चढेपर्यंत थांबायचं. नव्वदच्या पुढं गेला की फोटो काढायचा आणि पाठवायचा. चालताना तो कुठं जातो ते बघतच नाही. बघून काय करायचंय?

यात खोटं काही नाही. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल येईल असं सगळेच बघतात. घेणाऱ्यालाही ते माहीत असतं, तो त्यातलं थोडं वजा करूनच भाव बोलतो. तोंडाशीच खडे आणि काडीकचरा ठेवणारा माणूस मी मोंढ्यात आजवर बघितलेला नाही.

१८ जुलै

आज मोबाइलवर सगळ्यांचा एकत्र वर्ग होता. आम्ही पाच जण, पाचही यादीतले. बिदरच्या शिवरंजनीबाई आहेत, शाळेत शिक्षिका होत्या. वय माझ्यापेक्षा बरंच कमी. खुर्चीतून चार वेळा उठल्या आणि थांबल्या.

मॅडमनी विचारलं, "किती?"

"नऊ," त्या म्हणाल्या. मग श्वास घेऊन पुन्हा म्हणाल्या, "आकडा ब्याऐंशी. नखं निळी पडलीत. आज याच्या पुढं नाही होणार."

सगळ्यांच्या देखत! मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. असं उघडं बोलल्यावर कोण ठेवणार यादीत? पण मॅडम म्हणाल्या, "फार छान केलंत, बरोबर थांबलात. वर्गानंतर तुमचा ऑक्सिजन किती ठेवायचा ते डॉक्टरांना विचारून सांगते."

मग माझ्याकडं वळल्या. "काका, तुम्ही?"

"तीन."

"रोजच तीन?"

"तब्येत साथ देतीय, मॅडम."

त्या थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. कौतुकानं असावं.

२८ जुलै

श्रावणातला सोमवार. सत्यभामानं देवासाठी उपवास धरलाय आणि माझ्या ताटात दोन जेवणांचं एकत्र वाढलंय. वजन उतरू द्यायचं नाही अशी ताकीद आहे. शेंगदाण्याची चटणी, दही, वर तूप. जेवताना धाप लागते म्हणून मी सावकाश जेवतो. तिला वाटतं, मला आवडलं नाही.

पाय मात्र खरंच सुधारलेत. महिन्यापूर्वी खुर्चीतून उठताना गुडघे लटलटायचे, आता उठतो. दुकानाच्या दोन पायऱ्या आधाराशिवाय चढलो. हमालांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी डोकं जड असतं. शेडच्या मध्यावर आलं की डोळ्यांपुढं काजवे चमकतात, तेव्हा खांबाला हात लावून आवकेचा फलक वाचतोय असं दाखवतो. फलकावर गेल्या हंगामातले आकडे आहेत. सत्यभामा म्हणाली, "नखं बघा की. जांभळं खाल्ल्यावानी झालीत."

पावसाळी हवेनं असेल. तिनं खोबरेल तेल चोळून दिलं.

६ ऑगस्ट

महिन्याचा रिपोर्ट गेला. मॅडमनी पाठवण्याआधी वाचून दाखवला. चालताना ऑक्सिजन समाधानकारक, धाप कमी, ताकद वाढलेली. असा माल गेल्यावर भाव पडायचं कारण नाही.

मॅडम म्हणाल्या, "काका, एकदा चालताना कॅमेरा चालू ठेवाल का? मला बघायचंय."

म्हटलं, "शेडात रेंज नसते."

रेंज असते.

१३ ऑगस्ट

हैदराबादहून फोन. यादीचं काम बघणाऱ्या बाई होत्या. हिंदी, थोडी मराठी. म्हणाल्या, रिपोर्ट चांगला आहे, तुमची प्रकृती स्थिर दिसतेय. डॉक्टरांनी मिळून असं ठरवलंय, की तुमचं नाव सध्या थांबवून ठेवायचं आणि दिवाळीनंतर तपासणी करून पुन्हा बघायचं. काळजी करू नका, व्यायाम सुरू ठेवा.

प्रकृती स्थिर! दोन वर्षांत हा शब्द पहिल्यांदा ऐकला. कुलदीपला पेढे आणायला पिटाळलं. मोंढ्यात सगळ्यांना वाटले. बलभीमनं दोन घेतले आणि म्हणाला, "अण्णा, कुत्र्यालाबी द्या की एक."

घरी आल्यावर सत्यभामानं विचारलं, "थांबवलंय म्हंजी?"

"म्हणजे आता घाई नाही."

"घाई कुणाला न्हाय? त्यानला का आपल्याला?"

म्हटलं, तुला प्रत्येकात वाईटच दिसतं. तिनं पेढा देवापुढं ठेवला, खाल्ला नाही. संध्याकाळी बघितलं तर तिथंच होता, मुंग्या लागल्या होत्या.

२० ऑगस्ट

आठवडाभर काही लिहिलं नाही. न्हाणीतून खोलीपर्यंत येताना मधे बसावं लागलं. आधी असं कधी झालं नव्हतं. प्रकृती स्थिर असताना असं का व्हावं, कळत नाही. मॅडमना काही बोललो नाही. आज पण तीनच सांगितलं. आता अचानक आकडा बदलला तर आधीच्या सगळ्यावर शंका येईल.

२२ ऑगस्ट

शिवरंजनीबाईंना फुप्फुसं मिळाली.

वर्ग सुरू होताच मॅडमनी सांगितलं. परवा फोन आला, ऑपरेशन झालं, अजून यंत्रावर आहेत, पण डॉक्टर समाधानी आहेत. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

वर्ग संपल्यावर मॅडमना वेगळा फोन लावला. राग आला होता, खोटं कशाला बोलू. विचारलं, "ज्या बाईला चारच्या पुढं उठता येत नव्हतं, तिला आधी? आणि आम्ही मरमर करून चांगलं दाखवतोय ते कशासाठी?"

"दाखवताय?" त्या म्हणाल्या.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्यांनी सावकाश समजावलं. त्यांचा आवाज लहान मुलाला सांगतात तसा नव्हता. हिशेब समजावतात तसा होता.

"काका, तिथं दोन गोष्टी बघतात. शरीर ऑपरेशन झेलेल का, ही एक. त्यासाठी पाय, वजन, ताकद. ती मी वाढवायची. दुसरी, या माणसाला फुप्फुसांची गरज किती आहे. ती कुणी वाढवायची नसते, जी आहे ती सांगायची असते. बाईंचे पाय हळूहळू तयार होत होते आणि गरज त्यांनी एकदाही लपवली नाही. तुमचे पायही तयार आहेत. पण रिपोर्टप्रमाणे तुम्हाला सध्या गरज नाही. म्हणून तुमचं नाव थांबवलंय. हा लिलाव नाही, काका. इथं सगळ्यात चांगला माल आधी उचलत नाहीत."

म्हटलं, "बरं."

"तुमचं तीन खरं आहे ना?"

म्हटलं, "रेंज जातीय." आणि फोन ठेवला.

२३ ऑगस्ट

मोंढ्यात घेणारा आपल्या बोलण्यातलं थोडं वजा करतो. हैदराबादनं काहीच वजा केलं नाही. मी जे सांगितलं ते जसंच्या तसं धरलं.

दिवसभर दुसरं काही डोक्यात आलं नाही.

२५ ऑगस्ट

आज सांगितलं. आधी सत्यभामाला. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "फोन लावा."

म्हटलं, "लावतो की, उद्या."

"कुलदीप!" तिनं हाक मारली. "अप्पाचा मोबाइल आण. त्या मॅडमला लाव. अन् फोटो दिसतोय तसला लाव."

मॅडम पडद्यावर आल्या. मी सांगितलं. फार लांबलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आता चाला. काकू, मोबाइल तुम्ही धरा. आधी बोट दाखवा, मग चेहरा."

अंगणात चाललो. सत्यभामा मोबाइल धरून माझ्यापुढं उलटी चालत होती आणि कुलदीप पाठीमागून तिला सांभाळत होता. तुळशीपर्यंत गेलो नाही तोवर मॅडम म्हणाल्या, "थांबा. बसा. ऑक्सिजन वाढवा." यंत्रावर एकोणऐंशी होतं. मी ते पहिल्यांदाच बघितलं. कुलदीपनंही बघितलं. तो आत निघून गेला.

"दम किती?"

"आठ," म्हटलं. मग म्हटलं, "नऊ."

मॅडमनी दोन्ही आकडे लिहून घेतले. नंतर म्हणाल्या, "काका, तो रिपोर्ट माझ्या सहीनं गेलाय. रोज तीन ऐकून मला शंका आली होती. कॅमेऱ्यासाठी मी हट्ट धरायला हवा होता." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माफ करा म्हटलं. त्या म्हणाल्या, "ते नंतर. मी आत्ता हैदराबादला फोन करते आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगते. तुम्हाला बोलावतील. परत घेतीलच असं नाही. मधल्या काळात फुप्फुसं किती बिघडलीत यावर आहे. फार बिघडली असतील तर ऑपरेशनही झेपणार नाही."

हे दुसरं मला ठाऊक नव्हतं. म्हणजे फार चांगला असून चालत नाही आणि फार वाईट असूनही. आणि या मधल्या जागेतले किती दिवस मी पेढ्यांत घालवले, कोण जाणे.

४ सप्टेंबर, हैदराबाद

उमरग्याहून हमरस्त्यानं आलो. गाडीत मोठा सिलिंडर, चालवायला कुलदीप, सत्यभामा माझ्या शेजारी.

रक्त, फोटो, छातीचा स्कॅन. मग चालण्याची चाचणी. लांब पडवी, दोन टोकांना खुणा, सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. चाचणी घेणारा माणूस इथलाच, बोलायला गोड. म्हणाला, "आराम से अंकल. रुकना है तो रुक जाव, कोई बात नहीं."

पण पाऊल पडलं आणि पाय आपसूक ताठ झाले. छाती पुढं आली. बाकावर बसलेली माणसं बघत होती. तीस वर्षांची सवय. समोर घेणारा दिसला की माल आपोआप वर येतो. पहिली फेरी मी अशी मारली, की तो माणूस म्हणाला, "क्या बात है!" आणि मला बरं वाटलं, हेही लिहितो.

दुसऱ्या फेरीत काजवे चमकायला लागले. भिंतीवर कसलं तरी चित्र होतं. थांबून ते बघावं असं मनात आलं. आणि तिथंच कळलं की मी पुन्हा तेच करायला निघालोय.

भिंतीला पाठ लावली. म्हटलं, "बस. नहीं होता." खुर्ची आली. बसलो. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, सगळ्यांच्या समोर. त्यानं यंत्र बघून लिहून घेतलं आणि विचारलं, दहापैकी किती? बोलता येईना. नऊ बोटं दाखवली.

सत्यभामा बाकावरून उठली होती. तिला कुणी तरी पुन्हा बसवलं.

५ सप्टेंबर, हैदराबाद

डॉक्टरांनी सकाळी बोलावलं. रागावले थोडे. म्हणाले, तीन आठवडे हातचे गेले. स्कॅनमध्ये आजार पुढं सरकलाय. मग म्हणाले, "पण स्नायू चांगले आहेत. या फुप्फुसांवर हा माणूस खुर्चीतून उठतोय कसा, हेच आम्ही बघत होतो." मोंढ्यातलं ते शेड कामाला आलं. नाव पुन्हा चालू केलंय, आणि आधीपेक्षा वरच्या जागेवर. आता मुरुमला परत जायचं नाही. इथंच जवळ खोली घेऊन राहायचं, फोन आला की तासाभरात पोचता आलं पाहिजे.

बाहेर आल्यावर सत्यभामानं विचारलं, "वरच्या जागेवर म्हंजी चांगलं झालं का वाईट?"

म्हटलं, "दोन्ही."

ती पायऱ्यांवर बसली आणि पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "खोलीत चूल कसलीया बघून घ्या. मला ज्वारीचं पीठ लागंल, इथं कुठं मिळतंय इचारा."

११ सप्टेंबर, हैदराबाद

खोली तळमजल्यावर आहे. मागं एक गल्ली, सपाट, वर्दळ कमी. चालताना ऑक्सिजन किती ठेवायचा ते डॉक्टरांनी नव्यानं ठरवून दिलंय. मुरुमला ठेवत होतो त्याच्या दुपटीहून जास्त. शिवांजली मॅडम म्हणाल्या, आधी खरं कळलं असतं तर जुलैतच वाढवून घेतला असता. एवढ्यावरच सोडलं त्यांनी.

शिवरंजनीबाई यंत्रावरून उतरल्या. नवऱ्याचा हात धरून वॉर्डात चालल्या म्हणे.

आज सकाळी गल्लीत निघालो. सत्यभामा बरोबर होती. खांबापाशी पोचलो तशी ती म्हणाली, "पेढं वाटलं त्या दिवशीच मला कळलं हुतं, कायतरी चुकलंय म्हणून."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी हात वर केला असता."

"मी कवा हात वर केला?"

"रोज."

"रोज न्हाय."

"रोज! जेवताना, चालताना, त्या पोरीचा फोन आला की. वरीसभर माझं एक वाक्य पुरं झालं न्हाय."

म्हटलं, मला धाप लागत होती. ती म्हणाली, धाप लागत हुती तर मग तीन कशाला सांगत हुता? मी वर्षभर खाल्लेल्या तुपाचा विषय काढला. त्यावरून ती माझ्या आईपर्यंत पोचली. मी तिच्या भावापर्यंत. गल्लीचं टोक आलं, वळलो, येतानाही तेच. एका खिडकीतून एक म्हातारी बघत होती. तिला मराठी कळत नसावं, पण बाकी सगळं कळत होतं.

दारात आल्यावर, टेकायच्या आधीच, यंत्र लावलं. एक्याण्णव. मधे एकदाही थांबलो नव्हतो.

मोबाइल छातीच्या खिशात असतो, तो तपासला. कुणाचा फोन आलेला नव्हता. मग मीच शिवांजली मॅडमना लावला.

"आकडा?"

सांगितला.

"धाप किती, काका?"

"पाच," म्हटलं. "भांडण धरून."

"चालताना भांडलात? पूर्ण वाक्यं बोलून?"

"पूर्ण."

"मग उद्याही भांडा," मॅडम म्हणाल्या.